जुळ्याचं जनुक : फलटणच्या मेंढीचं प्रकरण

अतिनील दिव्यावर जेलचा पातळ तुकडा ठेवला की त्यावर नारिंगी रेघा उमटलेल्या दिसतात. काही रकान्यांत एकच रेघ असते, १९० अक्षरांच्या डीएनए तुकड्याची. काहींत एकच, पण जरा पुढे सरकलेली, १६० अक्षरांची. काहींत दोन्ही. एकेक रकाना म्हणजे फलटणच्या माळावरची एकेक मेंढी. १९०ची रेघ एकटी असेल तर ती मेंढी आई-आजीसारखीच वेताला एक कोकरू देणार. दोन रेघा असतील तर जुळं होण्याची बरीच शक्यता. आणि १६०ची रेघ एकटी असेल तर ते जुळ्याचं जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलेलं.

ही चाचणी मी पशुपैदासीच्या वर्गात शिकवतो. मुलं रेघा वाचायला पटकन शिकतात आणि मग वही मिटतात. जनुक सापडलं, चाचणी आहे, आता राहिलं काय? राहिलेलं पुष्कळ आहे, म्हणून हे प्रकरण सगळं मांडतो.

दख्खनी मेंढी आणि एक कोकरू

फलटण तालुका पर्जन्यछायेतला. कालव्याखाली ऊस दिसतो, पण कालव्याच्या वरच्या अंगाला माळच माळ. तिथलं जनावर म्हणजे दख्खनी मेंढी: बहुतेक काळी, लोकर जाडीभरडी, पाय लांब, दिवसाला कित्येक किलोमीटर चालणारी. त्यातल्या लोणंद भागातल्या मेंढ्यांना लोणंदी म्हणतात, आणि लोणंदचा मेंढीबाजार सगळ्यांच्या माहितीचा आहे. एके काळी धनगराच्या घरात लोकरीचा पैसा येई, जावळाच्या घोंगडीला मान होता. आता कातरणीची मजुरीही लोकरीतून निघणं मुश्कील. शेतात मेंढरं बसवली की खताचे पैसे किंवा धान्य मिळतं, पण घर चालतं ते तीन-चार महिन्यांची कोकरं विकून.

ही मेंढी वेताला एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्यायल्या तर जुळी एका हाताच्या बोटांवर मोजावीत. म्हणजे मिळकत वाढवायची तर कळप वाढवायचा. कळप वाढवायचा तर चराई हवी, आणि चराऊ रानं दरसाल कमी होत चाललेली.

१९६८मध्ये बनबिहारी निंबकरांनी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. हा माणूस मुळात पिकांचा. संस्थेची ओळखही करडईच्या वाणांमुळे आणि गोड ज्वारीमुळे झालेली. पुढे तिथे पशुसंवर्धन विभाग उभा राहिला आणि शेळ्या-मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी हाती घेतलं. (इरावती कर्व्यांची ही नात. आजीने माणसांची मोजमापं घेतली, नातीने मेंढ्यांची. हे मला उगाच आवडतं.) प्रश्न सरळ होता: मेंढ्यांची संख्या न वाढवता कोकरं वाढवता येतील का?

निवडीने का होत नाही

पहिला सल्ला कुणीही देईल: जुळी देणाऱ्या मेंढ्यांच्या पोटच्या मेंढ्या ठेवा. धनगरही हे जाणतो. 'हिची आई दोनदा जुळी व्यायली' हे त्याला तोंडपाठ असतं. तरी कळप होता तिथेच राहतो. का, ते आकड्यांत बघू.

समजा कळपाची सरासरी दर वेताला १.०५ कोकरं आहे. आपण फक्त जुळी देणाऱ्या मेंढ्या आया म्हणून निवडल्या. त्यांची सरासरी २, म्हणजे निवडीतला फरक ०.९५. पण मेंढ्याला, म्हणजे नराला, काही कोकरं होत नाहीत. त्याच्या बाजूने निवड शून्य. म्हणून फरक निम्मा झाला, ०.४७५. आता त्याला हेरिटॅबिलिटीने गुणायचं. जनावरांमध्ये दिसणाऱ्या फरकांपैकी जो हिस्सा पिल्लांकडे जाण्याजोगा असतो त्याचं हे माप. वेतातल्या पिल्लांच्या संख्येसाठी ते ०.१च्या आसपास धरतात, आणि जिथे जुळं इतकं विरळ तिथे त्याहूनही कमी. गुणाकार केला तर वाढ ०.०५सुद्धा भरत नाही. एवढी कडक निवड करून, तीन-चार वर्षांची एक पिढी घालवून, १.०५चे फार तर १.१० झाले. आणि ज्या मेंढ्या काढून टाकल्या त्यांच्या जागी कुठल्या आणायच्या, हे तर विचारलंच नाही.

मूळ अडचण अशी की कोकरांची संख्या हा अर्धवट दिसणारा गुण आहे. आत लहान-लहान परिणामांची पुष्कळ जनुकं, शिवाय खाणं, वय, ऋतू असं सगळं मिळून एक ओढ तयार होते. ती ओढ उंबरठा ओलांडून गेली तरच दुसरं कोकरू. उंबरठ्याच्या अगदी जवळ आलेली मेंढी आणि कोसभर दूर असलेली मेंढी, दोघी एकेकच कोकरू देतात. वहीत दोघींपुढे आकडा एकच, मग निवडणार कशावरून? दुधाचं तसं नसतं. तिथे नऊ लिटर आणि दहा लिटर वेगळे दिसतात.

बुरूलाची गाठ

याचं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं, तेही आडवळणाने. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ बुरूला नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंचा मेरिनो मेंढ्यांचा कळप होता, आणि त्यात जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या त्यांनी वेगळ्या काढून जपल्या होत्या. १९५८मध्ये त्यांनी पाच कोकरांच्या वेतातला एक मेंढा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. तिथे हेलन न्यूटन टर्नर होत्या. बाईंची पदवी वास्तुरचनेची, म्हणजे आर्किटेक्चरची. मंदीच्या दिवसांत प्रयोगशाळेत सचिवाची नोकरी धरली, तिथे संख्याशास्त्राची गोडी लागली, इंग्लंडात रोथॅमस्टेडला जाऊन ते शिकल्या, आणि पुढे मेंढ्यांच्या संख्यात्मक अनुवंशशास्त्रात जगभर त्यांचं नाव झालं.

बुरूलाचा गुण अनेक जनुकांच्या सावकाश निवडीतून साठला असावा, असाच तेव्हा कुणाचाही समज झाला असता. पण संकरित मेंढ्यांची मोजमापं गोळा होत गेली तसा आलेख विचित्र दिसू लागला. अनेक जनुकं असती तर आकडे एका टेकडीसारखे पसरले असते. इथे ढीग वेगळे पडत होते. मेंढीच्या पोटात दुर्बीण घालून बीजांडकोशावरचे पीतपिंड, म्हणजे बीजांड सुटल्यावर मागे राहणाऱ्या पिवळसर गाठी, मोजले की त्या वेळी किती बीजांडं सुटली ते कळतं. काही मेंढ्यांत कधीच तीन दिसत नव्हती, काहींत तीन-चार, काहींत पाच आणि वर. तीन ढीग म्हणजे एक मोठं जनुक आणि त्याच्या शून्य, एक, दोन प्रती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पायपर आणि बिंडन यांनी, न्यूझीलंडमध्ये डेव्हिस यांच्या गटाने हा निष्कर्ष मांडला. नाव पडलं फेक-बी.

नुसत्या मोजमापांच्या पसाऱ्यातून, एक अक्षरही डीएनए न वाचता, जनुक आहे हे ओळखलं गेलं. प्रत्यक्ष बदल सापडायला २००१ साल उजाडलं. न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी त्याच वर्षी तो दाखवला: मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर बीएमपीआर-१बी नावाच्या ग्राहक प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. एका अक्षराचा फरक. त्यामुळे बीजांडकोशातली पुटकं (बीजांड वाढतं त्या इवल्या पिशव्या) लहान असतानाच पक्व होतात आणि एकाऐवजी दोन-तीन एकदम तयार होतात.

हे जनुक मेरिनोत आलं कुठून? टर्नरबाईंनी जुन्या नोंदी चाळून माग काढला तो १७९२-९३ साली कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत. सुंदरबनात आजही गॅरोल नावाची चिमुकली मेंढी आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, वजन १२-१५ किलो, आणि जुळी देणं तिला नेहमीचं. २००२मध्ये तिच्या रक्तात तोच बदल सापडला. ओडिशातल्या केंद्रपाडा मेंढीतही पुढे तो मिळाला.

गॅरोल फलटणला

बंगालच्या गॅरोल फलटणला आल्या त्या याच्या आधी, १९९०च्या दशकात, म्हणजे चाचणी हातात नसताना. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचं पाठबळ, आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातले अनुवंशशास्त्रज्ञ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि फलटणची संस्था असा मेळ जमला. पहिल्या प्रकल्पाच्या नावातच दोन हेतू होते: जास्त कोकरं आणि जंतांना दाद न देणारी मेंढी. दलदलीतली गॅरोल पोटातल्या जंतांना बरी तोंड देते आणि तिच्या संकरित कोकरांतही ते दिसलं, पण तो गुण पुन्हा अनेक जनुकांचा, सावकाश पुढे सरकणारा. या प्रकरणापुरता तो बाजूला ठेवतो.

अडचण उघड होती. गॅरोल दख्खनीच्या जेमतेम निम्मी. दोघींचा संकर केला तर जुळं मिळेल, पण कोकराला लोणंदच्या बाजारात कोण विचारणार? गिऱ्हाईक कोकराच्या पाठीवरून हात फिरवतं, कमरेला चिमटा घेतं आणि भाव बोलतं. त्याला जनुक दिसत नाही, हाड दिसतं.

म्हणून परत-संकर. ही रीत मुळात पीक पैदासकारांची. तांबेऱ्याला न जुमानणारे गहू असेच झाले: रानटी नातलगाचं एक जनुक घ्यायचं आणि बाकीचं सगळं पिढ्यान्‌पिढ्या धुऊन काढायचं. पहिल्या संकरात गॅरोलचा वाटा निम्मा. तो पुन्हा दख्खनीशी लावला की पाव, मग एक-अष्टमांश, मग एक-षोडशांश. चौथ्या पायरीला मेंढी दिसायला-चालायला दख्खनीच, फक्त ते एक जनुक गॅरोलचं. गव्हाच्या एका ओंबीत दाणे मुबलक येतात आणि पिढी एका हंगामात उरकते. मेंढीला कोकरू एक आणि पिढीला वर्षं लागतात, एवढाच फरक. पण तोच सगळा त्रास.

दर पायरीला निम्मीच कोकरं जनुक घेऊन येतात. ती कुठली? माद्यांचं ठीक, दुर्बिणीने बीजांडं मोजता येतात. नराचं काय? त्याच्या मुली व्हाव्यात, वाढाव्यात, गाभण राहाव्यात, व्याव्यात, तेव्हा बापाचा निकाल. तीन-चार वर्षं गेली आणि मेंढा म्हातारपणाकडे झुकला. २००१नंतर हे चित्र पालटलं. पुण्यात विद्या गुप्ता यांच्या गटाने चाचणी बसवली आणि कोकराच्या थेंबभर रक्तावर काही दिवसांत उत्तर मिळू लागलं. एक विकर बदललेल्या प्रतीलाच कापतो, १९०चे १६० करतो. सुरुवातीला सांगितलेल्या रेघा त्या याच.

जुनी रीत आणि नवी चाचणी यांची सांधेजोड इतक्या स्वच्छपणे मांडता येईल अशी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने गॅरोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांतून 'अविशान' तयार केली, ते याचंच भावंड. फलटणच्या मेंढीला नाव मिळालं 'नारी सुवर्णा'.

एक प्रत की दोन?

इथून संख्यात्मक अनुवंशशास्त्राचं खरं काम लागतं. तेच जनुक वेगवेगळ्या घरात वेगळं वागतं. मेरिनोत दोन प्रती असल्या की सरासरी अडीचच्या वर जाते. गॅरोलमध्ये बहुतेक मेंढ्यांना दोन्ही प्रती असतात, तरी सरासरी दोनच्या आसपास. अंग केवढं, गर्भाशयाची जागा केवढी, आधीची घडण कशी, यावर परिणाम ठरतो. 'या जनुकाने अमुक इतकी कोकरं वाढतात' असं एक वाक्य लिहिताच येत नाही. कुठल्या जातीत, कुठल्या चाऱ्यावर, हे जोडावंच लागतं. फलटणला एका प्रतीच्या मेंढ्यांची सरासरी दीडच्या आसपास, कधी थोडी वर, आणि तिळी विरळ. माळावरच्या धनगराला नेमकं हेच हवं. तिळं म्हणजे त्याला डोकेदुखी: आईला सड दोन, कोकरं तीन, आणि तिसऱ्याला बाटली धरायला वाड्यावर कुणाला सवड?

जुळ्यांचाही हिशोब सरळ नाही. समजावून सांगण्यापुरते आकडे घेतो, कुठल्या प्रयोगाचे नाहीत. जनुक नसलेल्या १०० मेंढ्यांना १०३ कोकरं झाली, ९० टक्के जगली, म्हणजे ९३. तीन महिन्यांचं वजन सरासरी १४ किलो, एकूण १,३०२ किलो. एक प्रत असलेल्या १०० मेंढ्यांना १५० कोकरं. जुळी जन्मतः हलकी, म्हणून ८४ टक्के जगली, म्हणजे १२६. वजन सरासरी १२ किलो, एकूण १,५१२. जन्मलेली कोकरं ४६ टक्क्यांनी जास्त, जगलेली ३५ टक्क्यांनी, किलो मात्र १६ टक्क्यांनीच. जनुकाचा परिणाम पायरीपायरीने झिजत जातो. त्यातून दोन कोकरांना पाजणाऱ्या मेंढीला जादा खुराक द्यायचा, तो खर्च वेगळा. पण लोणंदला कोकरं तराजूवर नव्हे, नगावर आणि नजरेने विकली जातात, त्यामुळे ३५ आणि १६ यांच्यामध्ये कुठेतरी खरा फायदा पडतो. कुठे, ते प्रत्यक्ष कळपात मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून धनगरांच्याच कळपांत जनुकवाल्या मेंढ्या आणि मेंढे देऊन वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या गेल्या. एकाच वाड्यावर, एकाच रानात चरणाऱ्या, जनुक असलेल्या आणि नसलेल्या मेंढ्यांची तुलना. कोकराच्या कानात बिल्ला, स्प्रिंगकाटा, वही. जुळं झालं की दोघांनाही पहिल्या काही तासांत चीक मिळाला का, हे पाहणं जनुकाइतकंच महत्त्वाचं ठरतं. धनगरांकडे याची जुनी सोय आहे: कळपात चार-दोन शेळ्या असतातच, आईला दूध कमी पडलं की कोकरू शेळीला लावायचं. आई मेंढी रानात गेली की कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात. दोन कोकरांची आई संध्याकाळी परतते तेव्हा तिच्या कासेवर दोन्ही बाजूंनी धडका बसतात, आणि त्यातलं बारकं कोकरू नेहमी मागच्या पायांमधून घुसतं.

नोव्हेंबर २००८मध्ये या जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली. तिला हेलन न्यूटन टर्नर यांचं नाव दिलं होतं.

मेंढा कोण निवडतो

एक प्रत हवी, पण एक प्रतवाल्यांचा वंश शुद्ध चालत नाही. एक प्रतवाला मेंढा आणि एक प्रतवाल्या मेंढ्या लावल्या तर चतुर्थांश कोकरांत दोन प्रती, चतुर्थांशांत एकही नाही. याला कागदावरचा तोडगा सुटसुटीत आहे: दोन प्रतींचे मेंढे पैदास केंद्रात तयार करायचे आणि साध्या दख्खनी कळपात सोडायचे. सगळ्या मुली एक प्रतीच्या, बिनचूक. एक मेंढा तीस-चाळीस मेंढ्यांना पुरतो, म्हणजे थोड्या मेंढ्यांतून जनुक दूरवर पोचतं.

पण धनगर दरवेळी केंद्रातून मेंढा आणत नाही, आणि का आणावा? घरचाच एक वाढवतो. दोन-तीन वर्षांनी कळप मिश्र होतो, आणि तिथे गंमत होते. समजा ५० मेंढ्या साध्या, ५० एक प्रतीच्या, मेंढा साधा. साध्यांना ५० एकुलती कोकरं. एक प्रतवाल्यांपैकी २५ जणींना एकेक, २५ जणींना जुळं, म्हणजे ५० जुळी कोकरं. आईकडून जनुक येण्याची शक्यता निम्मी. एकुलत्या ७५ कोकरांत जनुक असलेली साधारण साडेबारा, सहांत एक. जुळ्या ५० कोकरांत २५, दोनात एक.

आता तीन महिन्यांनी मेंढा म्हणून कुठलं कोकरू राखलं जातं? उंच, रुंद छातीचं, पाठ भरलेलं. ते बहुधा एकुलतं असतं, कारण आईचं सगळं दूध त्याला एकट्याला मिळालेलं. पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघालेली धनगराची नजर इथे जनुकाच्या थेट उलट दिशेने निवड करते. त्यात चूक त्याची नाही. वाढीच्या गुणासाठी तीच नजर बरोबर आहे.

म्हणून रक्तचाचणी परवडत नसेल तिथे मी सांगतो ते एवढंच: वजन बघताना एकुलत्यांची तुलना एकुलत्यांशी करा, जुळ्यांची जुळ्यांशी, आणि मेंढा जुळ्यांतला राखा. ऐकणारा मान डोलावतो. मग वाघरीत हात घालतो. समोर एक गुबगुबीत काळं कोकरू असतं, आणि त्याच्या शेजारी दोन किलोंनी हलका, लांब पायांचा, जुळ्यातला भाऊ. हात कुठल्याकडे जातो, हे पाहायला जेल लागत नाही.